पाचव्या दिवशी सुटलेली गाडी



आपल्यापैकी पुष्कळांच्या गावाला एके काळी मुक्कामाची गाडी होती. आमच्याही गावाला होती. दिवेलागणीनंतर ती पाराजवळ येऊन थांबायची, चालक-वाहक शाळेच्या ओसरीवर अंथरूण टाकायचे आणि पहाटे सहाला गाडी तालुक्याला निघायची. दूधवाले, कोर्टाच्या तारखेचे, दवाखान्याचे, कॉलेजची पोरे, सगळे त्याच गाडीने. पुढे वडापच्या जीपा आल्या. जीप दारात थांबते, हात केला की उभी राहते, म्हणून आपण सगळे जीपने जाऊ लागलो. मुक्कामाची गाडी रिकामी येऊ लागली, रिकामी जाऊ लागली आणि एका पावसाळ्यात यायची थांबली. तेव्हा कोणाला फारसे वाईट वाटले नाही. मलाही नाही. वाईट वाटले ते पुढच्या वर्षी, आठवीच्या पुढच्या सात मुलींची शाळा सुटली तेव्हा. दाटीवाटीच्या जीपमधून मुली पाठवायला आईबाप तयार नव्हते. त्या सातांत माझी एक पुतणी होती.

हे सारे मला पुन्हा आठवले ते घरापासून हजारो मैल दूर, जपानच्या एका लहानशा रेल्वेगाडीत. त्या गाडीची हकिगत आज तुम्हाला सांगणार आहे.

माझी थोरली मुलगी नोकरीनिमित्त जपानात असते. गेल्या मे महिन्यात तिच्याकडे गेलो होतो. टोकियोची उंच घरे आणि झगमगती दुकाने दाखवायचा तिचा बेत होता. मी म्हटले, "अगं, माझा उभा जन्म बांधावरून फिरण्यात गेला. मला एखादे खेडे दाखव, आणि तिथवर जाणारी साधी गाडी दाखव." तिने चार दिवस विचारपूस केली आणि सान्रिकू रेल्वेची तिकिटे काढली.

सरकारने सोडली, गावांनी धरली

जपानच्या मुख्य बेटाच्या ईशान्येला, पॅसिफिक महासागराच्या काठी इवाते नावाचा प्रांत आहे. तिथल्या किनाऱ्याला सान्रिकू म्हणतात. 'सान' म्हणजे तीन. जुन्या तीन प्रांतांच्या नावांत 'रिकू' हे अक्षर होते, म्हणून हे नाव पडले. समुद्र इथे डोंगरांत बोटे खुपसावीत तसा आत घुसला आहे. डोंगर, खाडी, पुन्हा डोंगर, पुन्हा खाडी, आणि बहुतेक खाडीच्या कुशीत एखादे गाव. दाभोळ-जयगडच्या बाजूला कधी गेला असाल तर डोळ्यांपुढे चित्र उभे राहील; फक्त नारळ-पोफळी काढून टाका आणि डोंगरभर सरळसोट, सुईसारख्या पानांची झाडे लावा. त्यांतल्या एका झाडाला ते लोक 'सुगी' म्हणतात. आपली सुगी शेतात, त्यांची डोंगरावर!

असल्या मुलखात रस्ता करणे कठीण, मग रेल्वेचे काय विचारता? सरकारी रेल्वेने दक्षिणेकडून थोडे, उत्तरेकडून थोडे असे रूळ टाकत आणले. मधले तुकडे राहून गेले. तेवढ्यात ती सरकारी रेल्वे कर्जात बुडाली. १९८० साली कायदा झाला, तोट्याच्या आडवळणी मार्गांवर काट मारायचे ठरले आणि इथले कामही अडले. गावांपुढे प्रश्न पडला. अर्धीमुर्धी रेल्वे, तीही जाणार!

तेव्हा इवाते प्रांत, किनाऱ्यावरच्या नगरपालिका, खेडी आणि काही खाजगी मंडळी यांनी मिळून भांडवल घातले आणि १९८१ साली कंपनी उभी केली. ही अगदी आपल्या सहकारी सोसायटीसारखी नव्हे, पण जातकुळी जवळची. राहिलेले तुकडे जोडले गेले आणि १ एप्रिल १९८४ रोजी सान्रिकू रेल्वे सुरू झाली. सरकारी रेल्वेने सोडलेला मार्ग स्थानिक लोकांनी अशा तऱ्हेने चालवायला घेतल्याचे जपानातले ते पहिले उदाहरण. पहिली काही वर्षे तर ती नफ्यात चालली! गाव करी ते राव न करी, असे आपले वाडवडील म्हणत ते उगीच नाही.

आज हा मार्ग दक्षिणेला साकारीपासून उत्तरेला कुजीपर्यंत १६३ किलोमीटर आहे, म्हणजे पुणे–मुंबई रेल्वेपेक्षा थोडा आखूड. स्टेशने ४१. रूळ एकेरी, गाडी डिझेलची, आणि पुष्कळ वेळा गाडी म्हणजे एकच डबा. पांढरा रंग, त्यावर लाल आणि निळे पट्टे. डब्यांच्या जातीला त्यांनी ३६ हा आकडा दिला आहे. जपानीत तीनाला 'सान', आणि सहाचा उच्चार 'रिकू'च्या जवळ जातो. म्हणजे ३६ वाचले की सान्रिकू! गावच्या माणसांची गंमत करायची रीत सगळीकडे सारखीच.

उजव्या खिडकीशी बसा

साकारी हे ओफुनातो शहरातले स्टेशन. तिथवर आम्ही केसेन्नुमाहून बसने गेलो. ही बस चालते जुन्या रुळांच्या वाटेवर. पूर्वी तिथेही रेल्वे होती. ११ मार्च २०११ च्या लाटेने ती धुऊन नेली, आणि मोठ्या रेल्वे कंपनीने तिथे पुन्हा रूळ न टाकता वाट पक्की करून बस सुरू केली. बस वाईट नाही, फेऱ्याही बऱ्या आहेत. पण साकारीला उतरलो की फरक डोळ्यांत भरतो. एका अंगाला रुळांच्या जागी सपाट रस्ता आणि बस. दुसऱ्या अंगाला रूळ आणि त्यावर उभा आपला पांढरा डबा. एकाच लाटेने दोन्ही मार्ग मोडले. एक गेला, एक राहिला. का राहिला, ते पाहायलाच आम्ही गाडीत बसलो.

तुम्ही बसाल तेव्हा उजव्या खिडकीशी बसा. उत्तरेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला येतो. गाडीत वाहक नाही. चढताना यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्यायची, उतरताना पुढे जाऊन चालकाजवळच्या पेटीत पैसे टाकायचे. आमच्या डब्यात दहा-बारा माणसे होती. पाच-सहा पाठीवर ओझे घेतलेले प्रवासी, बाकी म्हातारीकोतारी. समोर पिशवी मांडीवर धरून एक आजी बसल्या होत्या. त्या दवाखान्यातून परत चालल्या होत्या, असे मुलीने विचारून सांगितले.

पहिल्या अर्ध्या तासातच कोइशिहामा नावाचे टिचभर स्टेशन लागते. त्याचा मूळ अर्थ बारीक खड्यांचा किनारा. गावकऱ्यांचा धंदा शिंपल्यांची शेती. २००९ साली त्यांनी उच्चार तोच ठेवून लिहायची अक्षरे बदलली, आणि अर्थ झाला 'जिवलग किनारा'. तेव्हापासून लोक पंख्यासारख्या शिंपल्यावर आपला नवस लिहितात आणि स्टेशनात टांगतात. गाडी तिथे थोडी जास्त थांबते. वाऱ्याने शेकडो शिंपले एकमेकांवर वाजतात, तो आवाज बैलांच्या घुंगुरमाळेसारखा येतो. नाव नुसते बदलून गावाचा माल चौघांच्या तोंडी झाला, हे आपल्या हापूसवाल्यांना आणि द्राक्षवाल्यांना मी निराळे सांगायला नको.

खाली भात, वर घर

यानंतरचे योशिहामा मात्र नीट पाहा. माझ्या मते हा सगळ्या प्रवासातला मोठा धडा आहे.

या किनाऱ्यावर लाट काही पहिल्यांदा आलेली नाही. १५ जून १८९६ च्या संध्याकाळी, सणाच्या दिवशी आली, तेव्हा साधारण २२ हजार माणसे गेली. ३ मार्च १९३३ च्या पहाटे आली, तेव्हा तीन हजारांच्या आसपास गेली. १९६० मध्ये पार दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात भूकंप झाला आणि त्याची लाट महासागर ओलांडून ओफुनातोवर आदळली. प्रत्येक वेळी माणसे डोंगरावर पळतात, चार वर्षे वर राहतात, आणि मग होडी लांब पडते, पाणी वाहावे लागते म्हणून हळूहळू पुन्हा खाली उतरतात. माणसाचा स्वभावच तो.

योशिहामाने तसे केले नाही. १८९६ नंतर आणि पुन्हा १९३३ नंतर गावाने घरे उचलून उतारावर नेली आणि खालच्या सपाटीवर भातखाचरे केली. जमीन वाया घालवली नाही, पण तिच्यावर झोपायचे नाही, असे ठरवले. २०११ च्या लाटेत खाचरे बुडाली, घरे बहुतेक सगळी राहिली. आजूबाजूच्या गावांत शेकडो माणसे गेली असता इथे एक माणूस बेपत्ता झाला. आम्ही गेलो तेव्हा त्याच खाचरांत नुकती लावणी झाली होती. पाण्यात आभाळ दिसत होते आणि त्याच्या वरच्या अंगाला घरांची रांग.

तिथली आणखी एक गोष्ट ऐका. १९३३ च्या लाटेने सुमारे ३० टनांचा एक धोंडा किनाऱ्यावर आणून टाकला. गावाने त्यावर लाटेची हकिगत कोरली. पुढे १९७० च्या दशकात रस्त्याच्या कामात तो धोंडा मातीखाली गाडला गेला आणि लोक त्याला विसरले. २०११ च्या लाटेने वरची माती ओढून नेली आणि धोंडा पुन्हा उघडा पडला. आपण पुरलेली आठवण पाण्याने उकरून दिली! विस्तार अधिकारी म्हणून माझी तीस वर्षे नदीकाठच्या गावांत गेली. पुराची खूण दाखवणारे जुने दगड आपणही कितीदा ओट्याच्या पायात घातले आहेत, ते तुम्हाला ठाऊक आहे.

योशिहामा सुटले की गाडी कुवादाई नावाच्या बोगद्यात शिरते. हा बोगदा जवळजवळ चार किलोमीटर लांब आहे. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी धरणी हादरली, तेव्हा एक गाडी याच बोगद्याच्या आत होती. ती जागच्या जागी थांबली. प्रवासी आणि चालक अंधारातून चालत बाहेर आले आणि वाचले. तो डबाही वाचला. दक्षिणेकडच्या भागावर चालण्याजोगा तेवढा एकच डबा उरला होता. बोगद्याच्या काळोखात मी घड्याळ पाहत होतो. समोरच्या आजींनी डोळे मिटून घेतले होते. उजेड आला तेव्हा त्यांनी ते उघडले. त्यांना झोप लागली होती की आणखी काही, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

मुलांनी धरलेले हात

कामाइशी हे लोखंडाचे गाव. जपानात नव्या पद्धतीच्या भट्टीत खनिजापासून लोखंड वितळवायला इथेच १८५७ साली सुरुवात झाली. १९८९ साली शेवटची भट्टी थंडावली. त्यापुढचे उनोसुमाई स्टेशन आले की खिडकीतून एक मोठे क्रीडांगण दिसते. त्या जागी पूर्वी दोन शाळा होत्या, एक लहान मुलांची आणि एक मोठ्यांची. धरणी हादरली तशी मोठी मुले शिक्षकांची वाट न पाहता डोंगराकडे धावली. त्यांना पाहून लहान मुले निघाली. मोठ्यांनी वाटेत लहानांचे हात धरले. पहिली जागा सुरक्षित वाटेना म्हणून आणखी वर गेली, तिथूनही वर. मागे शाळा पाण्याखाली गेल्या, पण ही जवळजवळ सहाशे मुले वाचली.

या किनाऱ्यावर एक जुनी म्हण आहे, 'त्सुनामी तेंदेंको'. म्हणजे लाट आली की ज्याने त्याने आपापले पळावे. ऐकायला आपमतलबी वाटते. पण तिचा खरा अर्थ असा की घरचा प्रत्येक जण वर पळालाच असेल, हा भरवसा आधीच ठेवावा; कोणी कोणाला शोधायला खाली जाऊ नये. हा भरवसा शाळेत शिकवलेला होता, म्हणून कामी आला. नुसती म्हण कोणाला वाचवत नाही.

पाचवा दिवस

दुपारपर्यंत गाडी मियाकोला येते. कंपनीची कचेरी इथे आहे. आता मुख्य हकिगत सांगतो.

लाट ओसरली तेव्हा या मार्गाचे जागोजाग तुकडे झाले होते. शिमानोकोशी गावचे स्टेशन, त्याचा उंच पूल, सगळे नाहीसे झाले होते. वीज नव्हती, फोन नव्हता, बर्फ पडत होता. त्या वेळचे कंपनीचे अध्यक्ष मासाहिको मोचिझुकी यांनी मियाको स्टेशनात उभ्या असलेल्या डिझेलच्या डब्यात कचेरी थाटली. कारण सोपे होते. इंजिन चालू केले की डब्यात दिवा आणि ऊब मिळे, कचेरीत तेही नव्हते. दोन दिवसांनी ते मार्ग पाहायला निघाले. रस्ते पडझडीने बुजले होते. त्यांना दिसले की माणसे रुळांवरून चालत आहेत. कोणी घरच्यांच्या शोधात, कोणी पाठीवर गाठोडे घेऊन. ज्या वाटेवर गाडी चालत नव्हती त्या वाटेचाच लोकांना आधार उरला होता.

त्यांनी ठरवले की जेवढा तुकडा चालवता येईल तेवढा चालवायचा. पूर्ण मार्ग दुरुस्त होण्याची वाट पाहायची नाही. १६ मार्चला, म्हणजे लाटेनंतर पाचव्या दिवशी, कुजी ते रिकुचू-नोदा एवढ्या लहानशा टप्प्यावर गाडी सुटली. २० मार्चला मियाको ते तारो, २९ मार्चला आणखी पुढे ओमोतोपर्यंत. त्या महिन्यात तिकीट घेतले नाही. फाटकांची यंत्रे बंद होती आणि रुळांवर माणसे होती, म्हणून गाडी शिटी वाजवत सावकाश जाई.

मंडळी, त्या शिटीचा विचार करा. घर नाही, चूल नाही, घरातले माणूस सापडलेले नाही, आणि पाचव्या दिवशी सकाळी ओळखीची शिटी ऐकू येते. गाडीने धान्य किती नेले आणि माणसे किती नेली, हा हिशेब नंतरचा. गाव अजून आहे, एवढे त्या शिटीने सांगितले.

पुढचे काम सोपे नव्हते. पैसा उभा करायला कंपनीने मोडलेल्या रुळांचे तुकडे कापून आठवण म्हणून विकले, आणि लोकांनी ते घेतले. कुवेत देशाने जपानला ५० लाख बॅरल कच्चे तेल मदत म्हणून दिले; त्याच्या पैशातून इथे नवे डबेही आले. त्यांवर आजही कुवेतचे आभार लिहिलेले आहेत, अरबी अक्षरांतसुद्धा. एप्रिल २०१४ मध्ये दक्षिणेचा आणि उत्तरेचा, दोन्ही भाग पुरे सुरू झाले. मधला कामाइशी–मियाको टप्पा मोठ्या रेल्वे कंपनीचा होता. तिने तो दुरुस्त करून या गावांच्या रेल्वेकडे सोपवला, आणि २३ मार्च २०१९ रोजी साकारी ते कुजी सलग मार्ग झाला. सात महिनेही झाले नाहीत तोच ऑक्टोबरमध्ये मोठे वादळ आले, दरडी कोसळल्या आणि मार्गाचा बहुतेक भाग बंद पडला. पुन्हा माती काढली, पुन्हा खडी टाकली. २० मार्च २०२० रोजी गाडी पुन्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ओफुनातोच्या डोंगरांत मोठा वणवा लागला, तेव्हाही दक्षिणेकडची गाडी काही दिवस थांबली आणि पुन्हा निघाली. पाणी, वारा आणि आग, तिघांनीही तिची परीक्षा पाहिली.

शेतकी मास्तराचे स्टेशन

मियाकोच्या पुढे तारो लागते. तिथे दहा मीटर उंचीची भिंत गावाने पूर्वीच बांधली होती, जगभरातून लोक ती पाहायला येत. २०११ ची लाट तिच्यावरून आली. भिंतीच्या भरवशावर काही जण मागे राहिले, असे सांगतात. भिंत हवी, पण भिंतीवर झोप सोपवू नये.

शिमानोकोशीला नवे स्टेशन झाले आहे. पूर्वी रूळ उंच पुलावरून जात, आता मातीच्या भक्कम भरावावरून जातात. गाडीची वाट आणि गावासाठी दुसरा बांध, असे एका मातीत दोन कामे केली. इथे स्टेशनाजवळ एका कवीच्या कवितेचा कोरीव दगड आहे. स्टेशन वाहून गेले, दगड राहिला. हा कवी केंजी मियाझावा. मी मुलीला म्हटले, "हा तर आपल्या भावकीतला निघाला!" कारण तो शेतकी शिकलेला, इवातेतल्या हानामाकी गावचा शेतकी शाळेतला मास्तर. १९२६ साली नोकरी सोडून तो स्वतः शेती करू लागला आणि गावोगावच्या शेतकऱ्यांना कोणत्या जमिनीला कोणते खत किती घालावे, याचे हिशेब फुकट मांडून देऊ लागला. जन्म १८९६ चा, मृत्यू १९३३ चा. म्हणजे दोन मोठ्या लाटांच्या सालांमध्ये मावलेले ३७ वर्षांचे आयुष्य.

या स्टेशनाला टोपणनाव दिले आहे 'कार्बोनार्द'. मियाझावाच्या एका गोष्टीत या नावाचे ज्वालामुखीचे बेट आहे. गोष्टीतल्या मुलुखात उन्हाळे थंड पडतात, पीक येत नाही, दुष्काळ पडतो. शेवटी नायक त्या बेटावर एकटा मागे राहतो आणि ज्वालामुखी पेटवून हवा उबदार करतो; शेतकरी वाचतात, तो जातो. ही गोष्ट हवेतली नव्हे. या किनाऱ्यावर उन्हाळ्यात ईशान्येकडून समुद्रावरचा गार, धुकट वारा येतो, त्याला 'यामासे' म्हणतात. तो लांबला की भाताची लोंबी भरत नाही. १९९३ साली असा उन्हाळा आला आणि भातपिकाचे एवढे नुकसान झाले की जपानला थायलंडसारख्या देशांतून तांदूळ आणावा लागला. म्हणून उत्तर इवातेचे जुने शेतकरी भातावर विसंबत नसत. आपल्या सावा-भगरीच्या जातकुळीतले 'हिए' पेरत, राळे पेरत. आता कुजीच्या बाजूला प्लॅस्टिकचे छत घालून पालक करतात. भाताला मारणारा तोच गारवा उन्हाळी पालकाला मानवतो. वाऱ्याशी भांडण्यापेक्षा त्याला चालेल ते पीक धरले. याहून शहाणपणाची शेती कोणती?

पुढे फुदाई हे छोटे गाव. इथले सरपंच म्हणा किंवा नगराध्यक्ष म्हणा, कोतोकू वामुरा, १९४७ ते १९८७ अशी चाळीस वर्षे त्या जागेवर होते. १९३३ ची लाट त्यांनी पाहिली होती. त्यांनी नदीच्या तोंडाशी साडेपंधरा मीटर उंचीचा दरवाजा बांधायला घेतला. एवढ्याशा गावाला एवढा खर्च कशाला, एवढी उंची कशाला, अशी टीका झाली. ते हटले नाहीत. दरवाजा १९८४ साली, ज्या वर्षी ही रेल्वे सुरू झाली त्याच वर्षी पुरा झाला. वामुरा १९९७ साली वारले. २०११ ची लाट दरवाज्यावर आदळली, थोडी वरूनही आली, पण आतले गाव राहिले. जिवंतपणी ज्याला लोकांनी उधळ्या म्हटले, त्याच्या थडग्यावर आता फुले वाहतात.

रिकाम्या जागा

शेवटच्या टप्प्यात गाडी दोन उंच पुलांवर मुद्दाम हळू होते. खाली निळा समुद्र, पांढरा फेस, आणि डब्यात एकदम शांतता. चालक पाट्या टाकल्यासारखी गाडी पुढे हाकत नाही. लोकांना पाहू देतो. हिवाळ्यात या उत्तर भागावर शेगडीवर पांघरूण घातलेल्या बैठ्या मेजांची गाडी सोडतात. प्रवासी पांघरुणात पाय घालून समुद्र पाहतात. २०१३ साली ही गाडी जिच्यात दिसते अशी एक मालिका जपानच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर लोकप्रिय झाली, तेव्हा होरिनाई स्टेशनावर माणसांची रीघ लागली होती. साडेचार तासांच्या आसपास प्रवास होऊन कुजी येते. तिथल्या बायका समुद्रात बुडी मारून शिंपले आणि काटेरी समुद्रफळे काढतात, पिढ्यान्‌पिढ्या.

आता तुम्ही विचाराल, एवढे सगळे झाले, गाडी आज सुखात आहे का? नाही, मंडळी. खोटे कशाला सांगू? कंपनी तोट्यात आहे. प्रांत आणि गावे दरवर्षी पदरचे पैसे घालतात. कंपनीने एका खाऊच्या पाकिटावर चक्क 'तोटा' असे नाव छापून तो विकायला ठेवला आहे. हसतात आणि विकतात. पण खरे दुखणे तोट्याचे नाही. गावांत मुले कमी झाली. या गाडीचे रोजचे खरे गिऱ्हाईक म्हणजे शाळेची मुले आणि दवाखान्याला जाणारी म्हातारी माणसे. मुले दरवर्षी घटतात. म्हातारी माणसे किती वर्षे पुरणार? लाटेला तोंड देता येते, दरडी काढता येतात. रिकाम्या जागेवर बसायला माणूस कोठून आणायचा?

मियाकोहून चार मुली आमच्या डब्यात चढल्या होत्या. निळ्या गणवेशात, पाठीवर दप्तरे. एक पुस्तक वाचत होती, दोघी खुसखुसत होत्या, चौथी खिडकीला डोके टेकून झोपली होती. एका लहान स्टेशनावर गाडी थांबली आणि चालकाने मागे वळून पाहिले. झोपलेली मुलगी रोज तिथेच उतरत असावी. तिच्या मैत्रिणीने तिला हलवले, ती दचकून उठली, चिठ्ठी शोधत पुढे धावली. चालक थांबला होता. तिने वाकून नमस्कार केला, त्याने टोपीला हात लावला, आणि गाडी निघाली. एका मुलीसाठी अर्धे मिनिट थांबलेली ती गाडी. मला आमच्या गावच्या सात मुली आठवल्या आणि मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. मुलीने विचारले, "बाबा, काय झाले?" मी म्हटले, "काही नाही. उजेड डोळ्यांवर येतोय."

घरी आल्यावर मी एक केले. आमच्या ग्रामसभेत उभा राहिलो आणि म्हणालो की मुक्कामाची गाडी पुन्हा मागायची तर अर्ज लिहिण्याआधी एक वही करू. पहाटेच्या गाडीने महिनाभर रोज कोण जाणार, त्याचे नाव आणि सही. जीप दारात आली तरी मी गाडीनेच जाईन, असे कबूल करणाऱ्याचेच नाव लिहायचे. पहिल्या दिवशी एकोणीस नावे झाली. पुतणीच्या वेळी मी हे केले नाही, ती आता लग्न होऊन गेली. तिच्या धाकट्या बहिणीचे नाव वहीत चौथे आहे.

तुमच्याही गावात अशी एखादी गाडी असेल, शाळा असेल, दूध सोसायटी असेल, रिकामी होत चाललेली. ती बंद पडायच्या आधी एकदा तिच्यात जाऊन बसा. मग पुढचे बोलू.